नानांच्या चपलेचा आवाज

बारावीचा शेवटचा पेपर झाला, की त्याच संध्याकाळपासून मला एक प्रश्न यायला लागतो. विचारणारी पोरं दरवर्षी बदलतात, प्रश्न तोच. ‘ताई, तुमच्या गेममध्ये भवानी पेठेत कारखान्यासमोर बस थांबते, पण आतून आवाजच येत नाही. बग आहे का?’ यंदाही आला. दुपारची वेळ होती, दारात कडुलिंबाचा मोहर पडून पिवळा झाला होता, आणि कूलरमध्ये पाणी कोण ओतणार यावरून अम्मा आत एकटीच भांडत होती. मी मोबाइल उपडा ठेवला आणि बादली घेऊन उठले.

सोलापुरात उन्हाळा येतो असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तो इथलाच रहिवासी आहे, मधूनमधून गावाला जाऊन येतो एवढंच. पण परीक्षा संपल्यानंतरचा उन्हाळा वेगळा असतो. पत्रे तापून टकटक वाजतात, रस्ते ओस पडतात, आणि वर्षभर पुस्तकात डोकं खुपसलेल्या पोरांना अचानक हातांचं काय करायचं ते कळत नाही. आम्हाला, म्हणजे मला आणि मुबीनला, आमच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर तेच झालं होतं. मुबीन आमच्या मागच्या गल्लीतला, त्याच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान. नोकरीचे अर्ज करून झाले होते, उत्तरं कुणी देत नव्हतं. मग आम्ही सोलापूर बांधायला घेतलं.

बांधायला म्हणजे कॉम्प्युटरवर. बस चालवायचा एक गेम आहे, परदेशातला. त्यात आपल्या गावचे रस्ते, आपली लाल बस, आपली झाडं घालून घेता येतात. विकतच्या झग्याला घरी बाह्या लावाव्यात, तसा हा प्रकार. याला मॉड म्हणतात. मॉड करणारे जगभर आहेत आणि बहुतेक सगळे आमच्यासारखेच, म्हणजे रिकामे. मुबीन गल्लीगल्लीत फिरून विजेच्या खांबांचेसुद्धा फोटो काढून आणायचा. रस्ते त्याचे, आवाज माझे. रसवंतीचे घुंगरू, पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या घागरी, कंडक्टरची घंटी, शेंगा भाजणाऱ्याचा झारा, सगळं मी मोबाइलवर धरून आणलं. अम्मा म्हणायची, "परीक्षा झाली की पोरी शिवणकाम शिकत्यात. तू काय करलालीस, घागरींचा आवाज गोळा करलालीस!"

सगळं झालं आणि एकच आवाज राहिला. आमच्याच घरातला.

आमच्या घराच्या खाली नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कारखाना होता. आमच्याकडे यंत्रमागाच्या शेडला कारखाना म्हणायची पद्धत आहे. चार माग असले तरी कारखाना आणि त्याचा मालक कारखानदार, मग घरात डाळीची चिंता असली तरी चालते. मी त्या आवाजाच्या वर जन्मले, वर झोपले, वर पाढे पाठ केले. माझ्या पायांच्या तळव्यांना तो आवाज कानांच्या आधी कळायचा. खळीचा आंबूस वास, नाकात कापसाची लव, आणि फरशीतून सतत वर येणारी थरथर. माग थांबले की मी झोपेतून जागी व्हायचे.

त्या आवाजात कुणी बोलत नसे. बोलून उपयोग नव्हता. कारखान्यात हातांची भाषा होती आणि ती आम्हा पोरांना बोलायला लागायच्या आधी यायची. पाची बोटं ओठांशी नेली की जेवायला चला. उघडा तळवा वर धरला की माग बंद. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली की धागा तुटलाय, सांध आणि चालू कर. पुढे नानांचे कान गेले, जसे बहुतेक मागवाल्यांचे जातात. तेव्हा आमच्या घरात कुणाला काही नवीन शिकावं लागलं नाही. जी भाषा खाली होती ती वर आली.

चार मागांपैकी एकाचा नंबर बारा. कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतून तो जुना घेतला होता आणि अंगावरचा पांढरा आकडा पुसायचा राहून गेला होता. हा माग लंगडा होता. धोट्याला टोला देणारा लाकडी दांडा जिथे येऊन आपटतो, तिथलं चामडं एकदा फाटलं, आणि त्या दिवशी माल द्यायचा होता. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, पायातली चप्पल काढली, तिचा टाचेचा तुकडा कापला आणि तिथे ठोकून दिला. तात्पुरता. तो तुकडा माग असेपर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे बाकीचे माग खटाक्-खटाक् करायचे आणि बारा नंबर खटाक्-धप्, खटाक्-धप्. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. अम्मा तर वर पोळ्या लाटताना त्याच्या तालावर लाटायची आणि तो थांबला की तिचं लाटणंही अडखळायचं.

माझी दहावीची परीक्षा झाली होती त्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले. शूटिंगला नाही, नुसता आवाज न्यायला. दोघंच होते. एकाच्या हातात लांब काठी आणि तिच्या टोकाला केसाळ बोंडकासारखा माइक. त्यांना एकच माग ऐकायचा होता. बाकीचे बंद करा म्हणाले. नानांनी तळवा वर धरला, कामगारांनी बाकीचे माग थांबवले, पंखे बंद केले, अम्माला बांगड्या वर सारायला सांगितल्या. आणि जन्मात पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी बारा नंबर एकटा ऐकला. खटाक्-धप्. घामानं भिजलेली सगळी माणसं श्वास धरून उभी होती आणि नानांच्या चपलेचा तुकडा बोलत होता. काठीवाला डोळे मिटून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, असा आवाज आम्हाला कुठं मिळाला नव्हता."

एवढ्यावर नाना विरघळले. सोलापुरात पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, चादर नाहीतर टॉवेल खांद्यावर घालतात. पुढाऱ्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना तोच मान. नानांनी त्या दोघांना बारा नंबरवरचेच दोन टॉवेल घातले, अम्मानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. आवाज दिला, वर टॉवेलही दिला. कागदबिगद कुणी काढला नाही आणि काढला असता तरी नानांनी तो पाहुण्यांच्या समोर वाचत बसायचा कमीपणा केला नसता. जाताना नानांनी एकच विचारलं, "नाव येईल न्हवं, पडद्यावर?" काठीवाला हसून म्हणाला, येईल की.

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यावरही कुणाचा काही हक्क निघायचा. आम्ही सगळे नवे कपडे घालून टॉकीजला गेलो होतो. नायक एका पडक्या गिरणीतून पळतो, मागे अंधार, आणि त्याच्या छातीत धडधडावं तसं काहीतरी वाजतं. खटाक्-धप्. नाना ताडकन उभे राहिले. "आरं, बारा नंबर! आपला बारा नंबर हाय की ह्यो!" मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मामा, बसा की खाली!" सगळे हसले. नानाही हसत बसले. सिनेमा संपल्यावर आम्ही उठलो नाही. पडद्यावर नावं वर सरकत होती. ड्रायव्हरांची होती, जनरेटरवाल्यांची होती, चहा देणाऱ्या पोराचंही होतं. झाडूवाला रांगांमधून झाडत आमच्यापर्यंत आला. "असंल की पुढं," नाना म्हणत राहिले. मग पडदा काळा झाला.

त्यानंतर काही वर्षांत कारखाना बसला. का बसला ते सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्यांना सांगून कळत नाही. माग भंगारात गेले. बारा नंबर ट्रकवर चढवताना चपलेचा तुकडा सुटून खाली पडला, तो अम्मानं केराबरोबर लोटून टाकला. मला त्याचा राग आला नव्हता तेव्हा. आता येतो. ज्या दिवशी ट्रक गेला त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही, इतकी शांतता होती.

तर आमच्या मॉडमध्ये कारखाना होता आणि त्याला आवाज नव्हता. मी म्हटलं, सिनेमातून घेऊ. तेवढ्या प्रसंगातला, मागचं संगीत काढून टाकून. मुबीननं लगेच हात जोडले. तो मॉडवाल्यांच्या गप्पांमध्ये माझ्यापेक्षा जास्त वावरलेला. "सिनेमे का आवाज मत ले, लता. पकडते. आवाज मिला के मशीनच पकडती, आदमी भी नै लगता." मी म्हटलं, अरे, पण तो आवाज आमचाच आहे. आणि आपण कुठं विकतोय? फुकट तर देतोय. तो म्हणाला, फुकट दिल्यानं दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. मी म्हटलं, दुसऱ्याची कशी, माझ्या बापाची चप्पल आहे ती! मुबीनचा दोष एवढाच की तो बरोबर होता.

शेवटी मी घातलाच. आणि खाली लिहिलं, की हा आवाज केवळ प्रेमापोटी वापरला आहे, कुणाच्या हक्काला धक्का लावायचा हेतू नाही. असं सगळेच मॉडवाले लिहितात. दाराला लिंबू-मिरची बांधावी तसं ते. बांधणाऱ्याला बरं वाटतं. त्याच्याही खाली मी आणखी एक ओळ लिहिली. ‘कारखान्याचा आवाज: माग नंबर बारा, भवानी पेठ’ आणि पुढे नानांचं पूर्ण नाव. ती ओळ मी पडद्यावर मोठी करून नानांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती वाचली, मग अम्माला बोलावून तिला वाचायला लावली, मग मुबीनच्या अब्बांना.

आणि लोक आले. पुण्याला गेलेले, आखातात गेलेले, भिवंडीत माग चालवणारे, ज्यांची आई-बापं या पेठांमध्ये राहिलीत असे. बस चालवत यायचे आणि आमच्या दारात थांबायचे. एकानं लिहिलं होतं, की मी इंजिन बंद करून अर्धा तास इथेच उभा आहे. नानांना तेव्हा माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला की धप् कळायचा. ते रोज चारच्या चहाला माझ्या खुर्चीत बसायचे, हेडफोन घालायचे, बस कारखान्याशी लावायचे, आणि ऐकून झालं की विचारायचे, "आज किती मानसं आली कारखान्यावर?" जणू हजेरी घ्यायची आहे. मी आकडा बोटांवर दाखवायचे. आमच्या घरात तेवढा एक उन्हाळा पुन्हा कारखाना चालू होता. मी खोटं बोलत नाही, अम्माच्या पोळ्यासुद्धा गोल यायला लागल्या होत्या.

मृगाच्या तोंडावर एके सकाळी मॉड गायब झालं. नुसता आवाज नाही, अख्खं शहर. मुबीनचे रस्ते, खांब, गिरण्यांच्या चिमण्या, रसवंती, सगळं कुलपात. एक निरोप होता: दुसऱ्याच्या मालकीचा ध्वनी वापरल्याबद्दल. माझं म्हणणं मांडायला एक चौकट दिली होती. मी तिच्यात सगळं लिहिलं. काठीवाला, अम्माच्या बांगड्या, दोन टॉवेल. लिहिलं, की नीट ऐका, प्रत्येक टोल्यानंतर धप् येतो ना, ती माझ्या वडिलांची चप्पल आहे. उत्तर म्हणून एकच प्रश्न आला: या ध्वनिमुद्रणाचा हक्क किंवा परवानगी आपल्याकडे आहे का? होय किंवा नाही.

आमच्या गल्लीतले वकीलकाका भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा चहा मागवला. म्हणाले, "हे बघ पोरी, मागाचा आवाज कुणाच्याच मालकीचा नसतो. पण तो ज्यानं टिपला, त्या टिपलेल्याचा हक्क त्याचा, म्हणजे पुढं सिनेमा काढणाऱ्याचा. त्यात चुकीचं काय? उद्या तुझ्या घागरींचा आवाज कुणी उचलला तर तुला चालंल का?" मला चालणार नव्हतं. मी तसं म्हटलंही. त्यांना बरं वाटलं, पुढे सरकून म्हणाले, "सोपं हाय की मग. तुमचाच माग, तुम्ही स्वतः रेकॉर्ड करा. कायदा आडवा येत न्हाय. कोण काय बोलणार?" मी म्हटलं, माग भंगारात गेला. काकांनी चहा संपवला आणि कप बशीत ठेवला. त्यांच्या खिडकीबाहेर मृगाचा पहिला पाऊस सुरू झाला होता आणि आम्ही दोघं तो बघत बसलो.

मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, की यात कुणी चोर नाही. काठीवाल्यानं चोरलं नाही, त्यानं घाम गाळून टिपलं. कंपनीनं तिची वस्तू सांभाळली. कायदा शहाण्यासारखा बोलला. चोर ठरले ते फक्त आम्ही, आमच्याच दारात. नानांच्या पायातून निघालेला चपलेचा तुकडा आज कुणा अनोळखी माणसांच्या मालमत्तेत आहे आणि त्यांना तो चपलेचा आहे हेसुद्धा माहीत नाही. माहीत असतं तर कदाचित काढूनच टाकला असता, खरखर म्हणून.

मुबीननं मला एकदाही ‘बोल्या था की नै’ म्हणून टोमणा मारला नाही. उलट ओळखीच्या एका कारखान्यात मला घेऊन गेला. तिथला माग टिपला, चांगला टिपला, पण तो निरोगी होता. मग आम्ही नानांची दुसरी जुनी चप्पल घेतली, गोधडी टांगून खोली मुकी केली, आणि पाटावर चप्पल आपटत बसलो. मुबीन आपटायचा, मी टिपायचे. अम्मा दारातून बघून गेली. जोडून नानांना ऐकवलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कुनाचा माग हाय ह्यो?"

मी तो वापरला नाही. नानांच्या दारात दुसऱ्याचा माग वाजवायचा नव्हता मला. पण मुबीनचं शहर कुलपात ठेवण्याचाही मला हक्क नव्हता. तेव्हा मी कबूल केलं, की आवाज आमचा नव्हता, आमचा कधीच नव्हता, पुन्हा असं होणार नाही. ‘नाही’वर खूण केली. शहर परत आलं. आवाजाची ओळ गेली, तिच्यातलं नानांचं नावही गेलं. मुबीननं गुपचूप त्या कारखान्याच्या पाटीवर नाव रंगवलं, तेवढं आहे. पण बंद कारखान्याच्या पाटीवर नाव असलेले सोलापुरात कमी नाहीत.

आणखी ऐका. आमचं जुनं मॉड, आवाजासकट, कुणीतरी उचलून दुसऱ्या नावानं टाकलंय. ते अजून कुणाला सापडलेलं नाही. तिथे बारा नंबर सुरू आहे, लोक थांबतात, वाहवा करतात, करणारा म्हणून तिसऱ्याच माणसाचं नाव आहे. यंदाच्या पोरानं तेच पुढे विचारलं होतं: ‘त्यांच्यात आवाज येतो, मग तुमच्यात का नाही?’

आवाजाची फाईल माझ्याकडे आहे. घरात ऐकायला कुणी मनाई केलेली नाही. मी ती नानांना लावून देते, त्यांना आता धप् तेवढाही क्वचितच कळतो, पण बोटं हेडफोनवर ठेवून ते थरथर घेतात. आणि मग विचारतात, माणसं आली का? इतकी वर्षं मी कधी चहाचं निमित्त करते, कधी ऐकलं नाहीसं दाखवते. घरात बहिरा माणूस एक आहे, पण ऐकू न येण्याचा फायदा सगळे घेतात.

काल कूलरमध्ये पाणी ओतून आले तर नाना माझ्या खुर्चीत बसलेले. हेडफोन कानावर. या वेळी फाईल नव्हती लावली, त्यांनी स्वतःच गेम उघडला होता. बस कारखान्यासमोर उभी होती, पाटीवर त्यांचं नाव होतं. ते कानावरचा हेडफोन पुढेमागे करून बघत होते. मला बघून म्हणाले, "लता, कान गेलं गं माजं. बारा नंबरबी ऐकू येईना."

मला वाटलं, गेले म्हणू दे. कान गेले हे त्यांना सोसवेल. पण नाही राहवलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि उघडा तळवा वर धरला. बंद.

नानांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चेहरा एकदम सैल झाला. म्हणजे कान नव्हे, माग थांबलाय. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. तुटलाय, सांध. आणि मागाचा दांडा धरावा तसा हात टेबलाच्या कडेवर ठेवून, मी सांधेपर्यंत, वाट बघत बसले.